जवळचा रस्ता

पुण्यात कुणाच्या घरी पोहोचलं की पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न येतो, "कुठून आलात?" आपण कुठूनही आलेलो असलो तरी चुकीच्याच रस्त्यानं आलेलो असतो. यजमानांजवळ त्यांचा खासगी रस्ता असतो, आणि तो ते आवाज खाली आणून सांगतात. नदीपात्रातला रस्ता हे असंच एक गुपित. ते प्रत्येकाला एकट्यालाच ठाऊक असल्यामुळे संध्याकाळी तिथं मुंगीलाही शिरायला जागा नसते. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठा आपला रस्ता परत घेते, आणि शहरभरची गुपितं हॉर्न वाजवत वरच्या पुलांवर येतात. वॉर्ड्रॉप नावाच्या इंग्रज अभ्यासकानं १९५२ साली हेच कोरडेपणानं मांडलं होतं: जो तो आपला वेळ वाचवत राहिला, की वापरातल्या साऱ्या रस्त्यांना शेवटी सारखाच वेळ लागतो, आणि रस्ता बदलून कुणाचंच काही वाचत नाही. मला तर यात मोठा दिलासा वाटतो. वेळेचा हिशेब असा फिटला, की माणूस मनाला येईल त्या रस्त्यानं जायला मोकळा.

माझे काका नाना पेठेतून डेक्कनला जायचे ते लक्ष्मी रस्त्यानंच. दिवाळीच्या तोंडावरही. साड्यांच्या पिशव्यांमधून वाट काढताना मागून काकू म्हणायची, "अहो, दुसरीकडून घ्या ना!" "हाच सरळ पडतो," काका म्हणायचे, आणि हुजूरपागेपाशी त्यांची स्कूटर एखाद्या जुन्या सुरावर गायक थांबावा तशी रेंगाळायची. काकू त्या शाळेतली. लग्नाआधी काकांच्या सायकलची चेन नेमकी त्याच फाटकासमोर पडायची, असं आत्या अजून सांगते.

आज फोनमधून आपल्याला वळणं सांगणारी यंत्रं ज्या पद्धतीवर उभी राहिली, ती डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाला १९५६ साली सुचली. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला सगळ्यात जवळून कसं जावं, हा प्रश्न. तो सुटला ॲम्स्टरडॅमच्या एका कॅफेत, वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिलीवाचून. वाग्दत्त वधूबरोबर खरेदी करून दमल्यावर दोघं कॉफी प्यायला टेकले होते तेव्हा. साऱ्या जगाला जवळचा रस्ता दाखवणाऱ्या माणसाला त्या घटकेला कुठंच जायची घाई नव्हती! हे मी काकांना सांगितलं. ते काकूकडे न बघता म्हणाले, "हुशार माणूस. घरी जाताना लांबूनच गेला असणार."