वाटीभर राख

"वहिनी, वाटीभर राख मिळेल का?"

मी कुंपणावरून हा प्रश्न विचारला तेव्हा शेजारच्या वहिनी पायरीवर बसून झावळीचे हीर काढत होत्या. त्यांनी कोयती खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि आवाज एकदम खाली आणून विचारलं, "भाऊजी, कोण गेलं?"

गेलं कोणीच नव्हतं. आलो होतो आम्ही. 2021 च्या संक्रांतीनंतर, ठाण्याचा फ्लॅट भाड्याने देऊन, गुहागर तालुक्यातल्या आजोबांच्या घरात. बायकोचं ऑफिस लॅपटॉपवर आलं होतं, मुलीची शाळा मोबाइलवर आली होती आणि माझी नोकरी गेली होती ती कुठेच आली नव्हती. आगरात बावीस माड, थोड्या पोफळी, एक विहीर, जांभ्याचं घर आणि माझ्या डोक्यात स्वावलंबन. भाजी परसातली, खत घरातलं, आणि धुण्यापुसण्याला कारखान्यातला एक कणही नाही, असं मी पहिल्याच संध्याकाळी ओटीवर उभं राहून जाहीर केलं. बायको म्हणाली, "चालेल. ज्याची हौस त्याचे हात." हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही.

आई काहीच बोलली नाही. आई 1974 साली या घरात सून म्हणून आली. अकरा माणसं, दोन गडी, येणारेजाणारे वेगळे. त्या सगळ्यांची भांडी मागीलदारी दगडावर बसून राखेने घासायची. एक्याऐंशी साली बाबांनी मुंबईहून येताना पिवळ्या पावडरचा पुडा आणला. लग्नानंतर त्या माणसाने प्रेमाने आणलेली पहिली वस्तू ती, असं आई अजून सांगते. मंगळसूत्र सासऱ्यांनी केलं होतं.

तर राख. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ओलं झालं की ते बुळबुळीत होतं आणि भांड्याच्या तुपातेलाशी गाठ पडली की त्याचा जागच्या जागी थोडा साबणच तयार होतो. हे मी कुंपणावरून वहिनींना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "ते खरं हो, पण आमची राख माडांना जाते."

आमची चूक ही, की गाव म्हणजे चूल आणि चूल म्हणजे राख असं आम्ही ठाण्यात बसून गृहीत धरलं होतं. गावात स्वयंपाक गॅसवर होतो. लाकूड जळतं ते फक्त न्हाणीघराच्या चुलीत, आंघोळीच्या पाण्यासाठी. त्यात झावळ्या, सोडणं, करवंट्या जातात. त्यांच्या राखेत पोटॅश भरपूर, म्हणून ती चिमूटभरसुद्धा वाया न घालवता माडाच्या आळ्यात पडते. "मग भांडी कशाने घासता?" मी विचारलं. वहिनींनी मागीलदारच्या नळाकडे बोट दाखवलं. नळाखाली जांभ्याचा एक चिरा, चिऱ्यावर प्लास्टिकची डबी, डबीत अर्धी झिजलेली हिरवी वडी आणि तिच्या डोक्यावर हिरवीच घासणी. तिथून दोन हातांवर सोललेल्या सोडणांचा माझ्या कमरेएवढा ढीग होता. जाळायचा.

त्या दिवशी वहिनींनी वाटीभर राख दिली, पण माडाच्या तोंडचा घास काढून दिल्यासारखी.

रिठ्याचं प्रकरण जरा बरं सुरू झालं. रिठे मी किलोभर मागवले. फोडून आतली काळी गोटी काढायची, साली रात्री भिजत घालायच्या, सकाळी चोळायच्या. सालीतल्या सॅपोनिनमुळे असा फेस येतो की आपण काहीतरी शोध लावलाय असं वाटतं. आईची लग्नातली पैठणी मी त्या पाण्यातून स्वतः काढली. सावलीत वाळल्यावर आईने ती हातात घेतली, काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "रेशमाला रिठा, हे बरोबर." संबंध वर्षात माझ्या स्वच्छतेला तिने दिलेलं हे एकमेव प्रमाणपत्र. ते घेऊन मी थांबायला हवं होतं. मी वॉशिंग मशीनकडे वळलो.

साली पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकायच्या, एवढं सोपं. पुरचुंडीची गाठ कशी मारायची ते कोणी सांगितलेलं नव्हतं. तिसऱ्या धुण्याला मशीनने घशात काही अडकलेल्या म्हशीसारखा आवाज काढला आणि पोटात पाणी धरून बसली. चिपळूणहून मेकॅनिक आला. त्याने खालचं झाकण उघडलं, पंपात बोटं घातली, तीन चॉकलेटी साली काढून तळहातावर ठेवल्या आणि विचारलं, "खजूर धुवायला टाकला होता?" त्याची फी, येण्याजाण्याचं पेट्रोल आणि नवा पंप एवढ्यात बाजारातली पावडर वर्षभर आली असती. शिवाय मुलीच्या पांढऱ्या युनिफॉर्मला त्या तीन धुण्यांत चहा सांडून पुसल्यासारखा रंग आला होता. शाळा मोबाइलवर होती म्हणून निभावलं.

मुलगी तेव्हा आठवीत होती. एकदा मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर खाण्याचा सोडा पसरून वर व्हिनेगर ओतत होतो. फसफसून फेस येत होता. हा फेस बघितला की मळ घाबरून निघून जाणार अशी खात्री वाटते. ती पाणी प्यायला आली, दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, एक आम्ल आहे आणि एक आम्लारी. एकत्र केले की उदासीनीकरण. वायू उडून गेला, खाली सोडियम ॲसिटेट आणि पाणी उरलं. म्हणजे तू मिठाच्या पाण्याने ओटा पुसतोयस." वेगवेगळे वापरले तर दोघेही कामाचे: सोडा चिकटपणाला, व्हिनेगर नळावरच्या पांढऱ्या क्षारांना. एकत्र आणले की एकमेकांना संपवून मोकळे. हे ऐकून बायको लॅपटॉपमागून कितीतरी वेळ हसत होती. का, ते मी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशी जमली आणि अजून जमते. सोलकढी गाळून उरलेली आमसुलं. देवघरातला तांब्याचा कलश काळपट, तपकिरी झालेला. त्यावर भिजलेलं आमसूल नुसतं फिरवलं. जोर नाही, काही नाही. जिथून आमसूल गेलं तिथून एक गुलाबी पट्टा उमटत गेला, पाटीवर ओलं बोट फिरवावं तसा. आम्लात ऑक्साइडचा थर विरघळतो, एवढंच त्यामागे आहे. पण सकाळच्या उन्हात ते बघताना मी दोन कलश, पळी, पंचपात्र, ताम्हन आणि शेजारच्या वहिनींचा बंबसुद्धा घासायला मागितला. समुद्राची हवा इथे ओली आणि खारी. आठ दिवसांत सगळं पुन्हा काळं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बंब परत केव्हा नेताय?"

पुढची पायरी अंगण. खळ्यात आजोबांच्या वेळची मातीची जमीन होती. शेणाने सारवायचं ठरवलं आणि कळलं की आमच्या वाडीत गाय उरलेली नाही. शेजारच्या वाडीत एकाकडे दोन आहेत, पण त्याच्या शेणाला नंबर लागतो. चौथ्या दिवशी दोन घमेली शेण मिळालं. मी पाणी जास्त घातलं. सारवण्याऐवजी जमीन रंगवल्यासारखी झाली आणि वाळल्यावर पोपडे आले. आई पडवीतल्या झोपाळ्यावरून बघत होती. अडुसष्ट वर्षांची बाई उठली, पदर खोचला, पाट मागे ढकलत उकिडवी बसली आणि घमेल्यात हात घातला. मनगट टेकवून उजवीकडून डावीकडे एक अर्धगोल. त्याच्या कडेवर दुसरा, जरा चढवून. मग तिसरा. बोटांच्या रेघा अशा एकात एक बसत गेल्या की जोड दिसेना. मी धावत जाऊन मोबाइल आणला आणि फोटो काढायला लागलो.

"तेवीस वर्षं दर आठवड्याला सारवली ही जमीन," आई मान वर न करता म्हणाली. "कोणी फोटो नाही काढला."

चार हात जमीन झाल्यावर ती गुडघ्याला हात लावून उठली, हात धुतले आणि म्हणाली, "झालं. आता फरशीवाल्याला फोन कर." वहिनींच्या खळ्यात फरशी होतीच. एवढ्या दिवसांत ती माझ्या डोळ्यांना खुपत होती. त्या दुपारी, कंबर शेकत पडलेलो असताना, जरा कमी खुपली.

आता बायोएन्झाइम. ही कृती थायलंडच्या रोसुकॉन पूमपानवोंग यांच्या नावावर सांगितली जाते आणि पाठ करायला सोपी आहे: एक भाग गूळ, तीन भाग लिंबूवर्गीय साली, दहा भाग पाणी, मुक्काम नव्वद दिवस. आंबून जे उरतं ते आंबट, वासाला बरं, आणि फरशी पुसायला खरोखरच चांगलं. पहिला महिना मात्र रोज झाकण सैल करून वायू सोडावा लागतो. ही ओळ मी वाचली होती. पण माघी गणपतीला आम्ही चार दिवस आत्याकडे गेलो, आल्यावर दमलो होतो, आणि दोन लिटरची बाटली माजघरातल्या फडताळात गुमान बसली होती.

रात्री सव्वादोनला ती फुटली.

नुसती फुटली म्हटलं तर त्या आवाजावर अन्याय होईल. आमच्याकडे रानडुकरं येतात आणि त्यांच्यासाठी कोणी चोरून गावठी बॉम्ब ठेवतं, अशी गावात कायम कुजबुज. पाच मिनिटांत वाडी जागी झाली. बॅटऱ्या आल्या, काठ्या आल्या. सकाळी पोलिस पाटील आले. त्यांनी फडताळ बघितलं, छताला चिकटलेली मोसंब्याची साल बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "हे नेमकं काय करत होतात?" मी म्हटलं, "फरशी पुसायचं औषध." त्यांनी वही मिटली. "गूळ घालून आंबवलेलं औषध," ते म्हणाले, "आमच्याकडे दुसऱ्याच कामाला वापरतात. परवाना असतो त्याला." मुंग्यांची रांग पुढे तीन आठवडे हटली नाही, आणि ती हटवण्यासाठी बायकोने जी लक्ष्मणरेषा ओढली ती दुकानातल्या खडूची होती. मी बघितलं नाही असं केलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुसरी खेप घातली, सहा बाटल्या. या वेळी रोज रात्री झोपण्यापूर्वी झाकणं सैल करायची, फुस्स ऐकायचं, पुन्हा लावायची. आई रोज अंथरुणातून विचारायची, "निजली का तुझी पोरं?" जुलैच्या मध्याला गाळून घेतलं. सोनेरी रंग, संत्र्याचा वास. बाटल्यांवर मुलीने तारखांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या.

22 जुलैला चिपळुणात पूर आला. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेवरून गेलं. रस्ता मोकळा झाल्यावर मी मामांकडे निघालो, ते चार बाटल्या पिशवीत घालूनच. नैसर्गिक स्वच्छतेची याहून मोठी गरज कुठे असणार? मामांच्या दारात गुडघाभर गाळ होता. फ्रिज आडवा, कपाट फुगून दार उघडत नाही असं, कुजलेल्या धान्याचा आणि डिझेलचा वास. मी पिशवी पुढे केली. मामांनी एक बाटली हातात घेतली, चिठ्ठीवरची तारीख वाचली, कोरड्या राहिलेल्या एकमेव पायरीवर जपून ठेवली आणि माझ्या हातात फावडं दिलं. दोन दिवस आम्ही गाळ ओढला. मग कुठूनतरी मदतीचा टेम्पो आला. त्यात खराटे होते, फिनेल होतं आणि ब्लीचिंग पावडरची पोती होती. त्या पोत्यातला पहिला मग मी स्वतः फेकला. त्या वासाने इतकं हायसं याआधी कधी वाटलं नव्हतं आणि याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

त्यानंतर माझं धोरण जरा मवाळ झालं. संडासाला फिनेल. युनिफॉर्मला पावडर. फरशीला बायोएन्झाइम, तांब्याला आमसूल, रेशमाला रिठा. खळ्यात फरशी बसली. आईने निवडली, अगदी वहिनींसारखीच. भांडी मात्र राखेने आणि सोडणाने, आणि बायकोच्या त्या पहिल्या संध्याकाळच्या वाक्याप्रमाणे रोज रात्री मीच घासतो. आई झोपाळ्यावरून लक्ष ठेवते. "कढईचं बूड राहिलं," म्हणते. ते खरंच राहिलेलं असतं.

राहिला प्रश्न राखेचा. माडांच्या तोंडचा घास रोज फुकट मिळेना, म्हणून आम्ही करार केला. दर आठवड्याला कुंपणावरून वहिनींची डबाभर राख इकडे येते आणि महिन्याला इकडून तिकडे पावडरचा अर्ध्या किलोचा पुडा जातो. गेल्या महिन्यापासून वहिनींनी भाव एक किलोवर नेलाय. वरच्या आळीत पुण्याचं एक कुटुंब राहायला आलंय, तेही राखेचं विचारून गेलेत.