अण्णांचा द्रू

विजापूर रस्त्याने मंद्रूपला उतरून ‘डीटीपीवाले अण्णा कुठं?’ असं विचारलंत, तर सांगणारा हाताने दुकान दाखवतो आणि तोंडाने सावध करतो : ‘‘काम टाका, पण फॉन्टचा विषय काढू नका. संध्याकाळ होती.’’

अण्णांचं जगाकडे एकच मागणं आहे. आपण अक्षर जिथे ठेवलं तिथेच ते सापडावं. मागणं एवढं साधं असून माणूस इतका दुःखी कसा राहू शकतो, हे बघायचं तर ऐन लग्नसराईत त्यांच्याकडे जावं.

संगणकावर अण्णांचा विश्वास आहे, पण फक्त स्वतःच्या. परका संगणक समोर आला की ते आधी त्याची परीक्षा घेतात. परीक्षेचा प्रश्न ठरलेला : गावाचं नाव. म, अनुस्वार, द, हलन्त, र, दीर्घ ऊकार, प. सात खुणांचा ऐवज. त्यातही सगळा जीव अडकलाय तो ‘द्रू’मध्ये. द च्या खाली र ची तिरकी रेघ, आणि तिच्याही खाली ऊकार. कच्च्या फॉन्टमध्ये ऊकार रेघेवर आदळतो, नाहीतर हलन्त उघडा पडून द आणि रू वेगळे राहतात. मग अण्णा खुर्ची मागे सरकवतात. ‘‘गावाचं नाव लिवता येत न्हाई, आन् निघालाय पत्रिका छापायला.’’

हा संशय अनुभवातून आलेला आहे. युनिकोड यायच्या आधीच्या फॉन्टांत मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवलेले असत. एका फॉन्टात खुर्च्या फार तर २५६, आणि कुणाला कुठे बसवायचं हे ज्याने त्याने ठरवलेलं. श्रीलिपीची बैठक वेगळी, कृतिदेवची वेगळी, सुरेखची आणखी वेगळी. फाइल आतून मराठी नसायचीच. आत इंग्रजी अक्षरं, वरून फॉन्टचा मराठी मुखवटा. फाइल दुसऱ्या यंत्रावर गेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की यंत्र कुणाला न विचारता दुसरा फॉन्ट चढवून मोकळं. अण्णांची एक पत्रिका अशीच सोलापूरच्या छापखान्यात उघडली. गणपतीच्या जागी पौंडाचं चिन्ह, उलटं प्रश्नचिन्ह आणि डोक्यावर टिंबं घेतलेले चार ‘ए’. मुलीचा बाप शेजारीच उभा होता. ‘‘अण्णा, मी पोरगी अक्कलकोटला दिलो. हे कुठल्या देशाचं म्हणायचं?’’

‘‘मी बरोबर दिलतो,’’ अण्णा म्हणाले. ‘‘वाटेत बिघडली.’’

त्यावर त्यांनी काढलेला उपाय तालुकाभर गाजला. पुढची कित्येक वर्षं अण्णा फाइल पाठवतच नसत. अख्खा सीपीयू पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवर मागे बांधत आणि छापखान्यात नेऊन जोडत. श्रीलिपीचं डोंगल शर्टाच्या खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी. वाटेत ओळखीचा कुणी भेटला आणि ‘‘पोत्यात काय?’’ म्हणाला, तर उत्तर : ‘‘फॉन्ट.’’

युनिकोड आल्यावर पुतण्याने समजूत घातली. आता प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, क म्हणजे ०९१५, मग यंत्र मंद्रूपचं असो की अमेरिकेचं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एका अर्जदाराचं दोन पानी निवेदन मंगल फॉन्टमध्ये टाइप करून दिलं. मंगलबद्दल त्यांना आदर आहे, र. कृ. जोशींचं काम म्हटल्यावर ते माऊसवरचा हात काढतात. पण ज्या यंत्रावर निवेदन उघडलं तिथे मंगल नव्हता. अक्षरं मराठीच राहिली, फक्त अंगाने जरा रुंद झाली. एकेका ओळीतला एकेक शब्द खाली उतरला, ओळी वाढल्या, आणि अर्जदाराची सही तेवढी तिसऱ्या पानावर जाऊन बसली. तिथला कारकून म्हणाला, ‘‘कोऱ्या कागदावर सही करून आणलाय काय?’’

त्या दिवसापासून पुतण्या त्यांच्याशी क्रमांकांबद्दल बोलत नाही.

अण्णांना लग्नाला बोलावणं हे मात्र धाडसाचं काम. ते अक्षता टाकायच्या आधी स्वागताच्या कमानीखाली थांबतात. ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने मराठीचा पाकळीवाला ल आणि देठवाला श पक्का केला, ही तारीख त्यांना लग्नाच्या वाढदिवसापेक्षा पाठ आहे. कमानीवर हिंदी वळणाचा ल दिसला की भर मांडवात म्हणतात, ‘‘ह्यो ल आपल्यातला न्हाई.’’ वधूपक्ष दचकून पाहुण्यांची मोजदाद करतो. एकदा तर मयताच्या घरासमोर लावलेल्या फ्लेक्सपुढे ते इतका वेळ मान खाली घालून उभे राहिले, की घरच्यांनाच गहिवरून आलं. निघताना थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, ‘‘श्रद्धांजलीतला द्ध फुटलाय.’’

त्यांना समाधान मिळतं ते तालुक्यातल्या एकाच ठिकाणी. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडलला संगमेश्वराच्या देवळात शके ९४०चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. जाणकार तिथे मराठीचं वय मोजायला जातात. अण्णा ओळींतलं अंतर बघायला जातात. ‘‘हजार वर्षं झाली, एक ओळ खाली सरकली न्हाई. दगडात फॉन्ट एम्बेड असतोय.’’

पीडीएफ १९९३पासून जगात आहे आणि तिच्यातही फॉन्ट बरोबर नेता येतो, हे त्यांना पुतण्यानेच सांगितलं. पण तोवर अण्णांना स्वतःचा दगड सापडला होता. कोरल ड्रॉमध्ये अक्षरांचे ‘कर्व्ह’ करायचे. अक्षर मग अक्षर राहत नाही, चित्र होतं. त्याला फॉन्ट लागत नाही आणि कुठल्याही यंत्राचं त्याच्यापुढे काही चालत नाही. पोतं अडगळीत गेलं. अण्णा पेन ड्राइव्ह घेऊन एसटीने सोलापूरला जाऊ लागले, चेहऱ्यावर जरा तेजही आलं. कर्व्ह केलेल्या मजकुरात दुरुस्ती होत नाही, ही गोष्ट त्यांनी मनावर घेतली नव्हती.

परवा छापखान्यात प्लेट निघणार, तेवढ्यात नवऱ्या मुलाच्या बापाचा फोन आला. नवऱ्या मुलीच्या मामांचं नाव राहिलंय. घातलं नाही तर मामा मांडवात पाऊल ठेवणार नाहीत. छापखान्यात तो फॉन्ट नव्हता. अण्णांनी मग पत्रिकेतूनच अक्षरं उचलायला सुरुवात केली. ‘परिवार’मधला र घेतला, ‘आमंत्रण’मधला म घेतला, असं करत मामा जवळपास पुरे झाले. अडलं ते आडनावातल्या ळ वर. अख्ख्या पत्रिकेत ळ एकच, तोही ‘मंगळवार’मधला, ठळक टायपातला. अण्णांनी तोच लहान करून बसवला. तरी बाकीच्या अक्षरांपेक्षा तो चांगलाच गुबगुबीत दिसत होता.

मामा पत्रिका बघून खूश झाले. आपल्याला वेगळा मान दिलाय, असं त्यांनी घरोघर दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचे चुलते पत्रिका घेऊन दुकानात हजर.

‘‘अण्णा, मामाचं अक्षर जाड, आन् आमचं का बारीक?’’

अण्णांनी चष्मा वर सरकवून त्यांचं नाव पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं.

‘‘तुमच्यात ळ न्हाई, मालक.’’