रकाना कोणी भरायचा?

१९११ची जनगणना. मुंबई इलाख्यातल्या गुजरातेत प्रगणकांना असे समाज भेटले की त्यांना धर्माच्या रकान्यात काय लिहावे ते कळेना. मतिया कणबी मोठ्या विधींना ब्राह्मण बोलवत, पण ते पिराण्याचे मुस्लिम संत इमामशाह यांचे अनुयायी होते आणि मयताला पुरत. शेखडांच्या लग्नात दोन्ही धर्मांचे पुरोहित हजर असत. मोमना सुंता करत, गुजरातीतून कुराण वाचत आणि बाकी बहुतेक रीतिरिवाज हिंदूंचे पाळत. इलाख्याच्या जनगणना अधिकाऱ्यांनी डोळ्यांना दिसले ते प्रामाणिकपणे मांडले आणि ‘हिंदू-मुसलमान’ असा वेगळा वर्गच केला. देशाचे जनगणना आयुक्त एडवर्ड गेट यांना ते रुचले नाही. त्यांचे म्हणणे असे की या लोकांना शक्य तितका विचार करून एका कोणत्या तरी धर्मात घालायला हवे होते.

गावात जाऊन पाहणाऱ्याला गुंता दिसला आणि वर बसलेल्याला तक्ता स्वच्छ हवा होता. शंभरहून अधिक वर्षे झाली, धार्मिक वैविध्याचे आपले संशोधन अजून या तक्त्याच्याच बाजूने झुकते. प्रश्नावली आली की पहिल्या पानावर धर्म, त्यापुढे चौकोन, आणि खूण एकाच चौकोनात करायची. पुढची शंभर पाने त्या एका खुणेवर उभी राहतात. आपला धर्म कोणता आणि तो किती ठिकाणी पसरलेला आहे हे सांगण्याचा पहिला हक्क ज्याला विचारले त्याचा आहे. संशोधकाने ते ऐकावे, जसेच्या तसे लिहावे आणि मगच त्यावर मत द्यावे. ही साधी शिस्त आपल्याकडे पाळली जात नाही, आणि त्याची किंमत फार मोठी आहे.

अलीकडचा गाजलेला अभ्यास घ्या. अमेरिकेच्या प्यू रिसर्च सेंटरने २०१९च्या अखेरीपासून मार्च २०२०पर्यंत भारतात सुमारे तीस हजार प्रौढांना १७ भाषांत समोरासमोर बसून प्रश्न विचारले. अहवाल जून २०२१मध्ये आला. सर्व धर्मांचा आदर करणे हा खऱ्या भारतीयत्वाचा फार महत्त्वाचा भाग आहे, असे ८४ टक्के लोकांनी सांगितले. आणि आपल्या समाजातल्या बायकांनी धर्माबाहेर लग्न करू नये म्हणून त्यांना रोखणे फार महत्त्वाचे आहे, असे ६७ टक्के हिंदूंनी आणि ८० टक्के मुसलमानांनी सांगितले. अहवाल आल्यावर आठवडाभर आपल्याकडे काय चालले ते आठवा. एका गटाने पहिला आकडा उचलला, दुसऱ्याने दुसरा. ज्याने एकच आकडा दाखवला त्याने वाचकाची फसवणूक केली, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

मला त्या अहवालातली दुसरीच जोडी अधिक मोलाची वाटते. कर्मफलावर विश्वास ठेवणारे हिंदू ७७ टक्के, आणि मुसलमानही ७७ टक्केच. ख्रिस्ती निम्म्याहून जास्त. त्याच पाहणीत ६६ टक्के हिंदू म्हणाले की आपण मुसलमानांपेक्षा फार वेगळे आहोत, आणि ६४ टक्के मुसलमान हिंदूंबद्दल तेच म्हणाले. मनात मुरलेले बरेचसे सारखे आणि तोंडाने सांगितलेले अंतर प्रचंड. हे दोन्ही एकाच माणसात, एकाच घरात, एकाच जेवणाच्या पंगतीत कसे नांदते? पाहणी तिथे थांबते. तासाभराच्या मुलाखतीत ते उलगडणारही नाही. ते उलगडायला कोणीतरी त्या घराशेजारी वर्षभर राहायला हवे. आणि हेही ध्यानात ठेवा की या पाहणीत काश्मीर खोरे नाही, कारण सुरक्षा. मणिपूर आणि सिक्कीम नाही, कारण करोना. कारणे खरी आहेत. पण ‘भारतीय काय मानतात’ असा मथळा देताना ही नावे वगळू नयेत.

आता आपल्या सरकारी कागदाकडे या. २०११च्या जनगणनेत सहा धर्मांना सांकेतिक क्रमांक होते: हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन. बाकीच्यांनी धर्माचे नाव अक्षरांत लिहायचे, त्याला क्रमांक नाही. त्या विनाक्रमांकाच्या जागेत झारखंड आणि आसपासच्या आदिवासींनी ‘सरना’ लिहिले. किती जणांनी? सुमारे साडेएकोणपन्नास लाख. त्याच जनगणनेत देशातले जैन साडेचव्वेचाळीस लाखांच्या आसपास होते. जैनांना स्वतंत्र क्रमांक आहे हे योग्यच आहे, पण त्यांच्याहून संख्येने मोठा असलेला समाज ‘इतर’ या शब्दाखाली का चिरडायचा? झारखंड विधानसभेने नोव्हेंबर २०२०मध्ये सरनासाठी वेगळ्या क्रमांकाचा ठराव केला आणि दिल्लीला पाठवला. गोंडी धर्म लिहिणारेही त्या जनगणनेत दहा लाखांवर होते. गडचिरोली-चंद्रपूरच्या गोंडांना हा प्रश्न परका नाही. पेन म्हणजे त्यांचे देव, देवस्थळे, आपली गोत्रव्यवस्था यांच्यावर उभा असलेला त्यांचा धर्म काही अभ्यासक अजून ‘निसर्गपूजा’ या एका शब्दात गुंडाळतात. माझ्या मते हा आळस आहे, आणि त्याला विद्वत्तेचा पोशाख घातल्याने तो लपत नाही.

एवढे वाचून कोणी म्हणेल की मग रकानाच नको, सगळे मिसळलेले आहे असेच म्हणू या. नाही. महाराष्ट्राने तरी हे कधीच म्हणू नये.

१९५१च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या जेमतेम अडीच हजार होती. १९६१मध्ये ती जवळपास अठ्ठावीस लाख झाली. मधे १४ ऑक्टोबर १९५६ची नागपूरची धम्मदीक्षा आहे. ज्यांना शतकानुशतके दुसऱ्यांनी नाव दिले होते, त्यांनी आपल्या हाताने आपले नाव लिहिले, तेही स्पष्ट, एकच, बावीस प्रतिज्ञांसह. त्यांच्यासाठी तो एक चौकोन म्हणजे सुटका होती. त्या माणसाला ‘पण तुमच्या घरी अजून अमुक सण होतो ना, मग तुम्ही मिश्रच’ असे म्हणणारा संशोधक १९११च्या आयुक्तांचीच चूक उलट्या दिशेने करतो. प्यूच्या पाहणीत भारतातल्या बौद्धांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांनी देव मानत नसल्याचे सांगितले. दीक्षाभूमीचा इतिहास ठाऊक असलेल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. तो ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी आपल्या धर्मांवर प्रश्नावल्या तयार करू नयेत.

याला कायद्याचीही एक बाजू आहे, आणि ती संशोधनात हमखास गळते. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६मध्ये त्यात शीख आले आणि बौद्ध आले ते थेट १९९०मध्ये. म्हणजे चौतीस वर्षे ‘बौद्ध’ असे खरे लिहिणाऱ्याला केंद्राच्या सवलतींवर पाणी सोडावे लागत होते. कागदावर एक आणि घरात दुसरे, अशी ओढाताण कित्येक कुटुंबांनी सोसली. दलित ख्रिश्चन आणि दलित मुसलमान आजही त्या दर्जाच्या बाहेर आहेत. हे ज्याला माहीत नाही तो रकान्यातला शब्द वाचून श्रद्धा मोजत बसतो, आणि मोजून होते ती भीती, शाळेची फी, नोकरीचा अर्ज. धर्म सांगण्याची किंमत माणसाला काय पडते, हे आधी विचारल्याशिवाय धर्म विचारण्यात अर्थ नाही.

नीट ऐकायचे म्हणजे काय, हेही महाराष्ट्राला कोणी दाखवले नाही असे नाही. गुंथर सोन्थायमर नावाचा जर्मन अभ्यासक धनगरांच्या वाड्यांवर हिंडला. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या ओव्या त्याने ध्वनिफितींवर उतरवून घेतल्या. मेंढरे कुठून कुठे जातात, त्या वाटेवर देव कसा चालतो, हे तो त्यांच्याबरोबर चालून शिकला. त्याने खंडोबाला मल्लूखान म्हणणारी परंपरा पाहिली आणि जेजुरीच्या देवाच्या घोड्यांची देखभाल परंपरेने एका मुस्लिम कुटुंबाकडे असते हेही नोंदवले. यातले काही कोणत्या चौकोनात बसते याची त्याने घाई केली नाही. रा. चिं. ढेरे यांनी घरातल्या हजारो पुस्तकांत आणि गावोगावच्या देवळांत आयुष्य घालवले आणि ‘मुसलमान मराठी संतकवी’ हे पुस्तक आपल्या हातात ठेवले. या कामांना आकडे नव्हते. पण आज कुणी संतकवी शेख महंमदांचा श्रीगोंदा किंवा खंडोबाची जेजुरी एकाच रंगात रंगवायला निघाला, तर त्याला पुराव्यानिशी अडवणारी कामे हीच आहेत.

पुरावा हा शब्द मी मुद्दाम वापरतो. कर्नाटकात चिक्कमगळुरूजवळ बाबा बुडनगिरी आहे. दत्तात्रेय आणि बाबा बुडन दोघांचेही ते स्थान, आणि दोन्ही समाज तिथे जात आले. १९७५मध्ये ते वक्फ मंडळाकडे गेले, वाद कोर्टात गेला, आणि अखेर प्रश्न येऊन ठेपला तो असा: जून १९७५च्या आधी तिथे नेमके काय चालत होते? त्याचा तपास करून देवस्थान आयुक्तांनी १९८९मध्ये अहवाल दिला. त्यानंतरही वाद मिटला नाही आणि दशकानुदशके रेंगाळला. कल्पना करा, वाद पेटण्याआधी, कोणाचाही स्वार्थ नसताना, तिथल्या पुजाऱ्यांची, मुजावरांची आणि भाविक बायकांची बोलणी कोणी नीट लिहून ठेवली असती तर कोर्टापुढे केवढी भक्कम सामग्री असती. आपल्या राज्यातही अशी दुहेरी स्थाने जागोजागी आहेत. त्यांची नोंद भांडण सुरू झाल्यावर करायची नसते, कारण तेव्हा प्रत्येक साक्षीदार कोणाच्या तरी बाजूचा झालेला असतो.

भारताच्या मानवशास्त्रीय सर्वेक्षण विभागाने १९८५मध्ये कुमार सुरेश सिंग यांच्या नेतृत्वाखाली ‘पीपल ऑफ इंडिया’ प्रकल्प हाती घेतला आणि ४,६३५ समाजांची नोंद केली. त्यात एकाच समाजात दोन-दोन, तीन-तीन धर्मांचे लोक असल्याचे कितीतरी दाखले मिळाले. हे काम सरकारी पैशाने, सरकारी माणसांनी केले. म्हणजे ते जमत नाही असे नाही.

मग आज काय करायचे? येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि यावेळी जातही विचारली जाणार आहे. प्रगणक बहुतेक शाळांतले शिक्षक असतील. त्यांच्या प्रशिक्षणात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला हवी: समोरचा जे सांगेल तेच लिहायचे. घरातला फोटो पाहून, आडनावावरून किंवा वस्तीच्या नावावरून आपण ठरवायचे नाही. गडचिरोलीतल्या भामरागडमध्ये हे गोंडीतून विचारले गेले पाहिजे. ज्याने ‘कोया पुनेम’, म्हणजे गोंडी धर्म, सांगितले त्याच्या पुढ्यात ‘हिंदूच ना?’ असा प्रश्न येता कामा नये, आणि ज्याने हिंदू सांगितले त्यालाही कोणी दुसरे सुचवू नये.

आणि आपल्या विद्यापीठांनी पीएचडीच्या मुलांना धर्मावर काम करायला पाठवताना पन्नास प्रश्नांची छापील यादी देऊन पंधरा दिवसांत परत बोलावणे बंद करावे. एका गावात वर्षभर राहण्याइतकी विद्यावृत्ती द्यावी. ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांची नावे, वस्ती, घर ओळखू येणार नाही याची हमी लेखी घ्यावी, कारण धर्माबद्दल मोकळेपणाने बोललेले एक वाक्य आजच्या काळात एखाद्याचे दुकान बंद पाडू शकते. आणि प्रबंध पूर्ण झाला की त्याचा मराठी सारांश त्याच गावच्या ग्रामपंचायतीत वाचून दाखवावा. गावकऱ्यांना त्यात काही चुकीचे वाटले तर ते काय म्हणाले, हेही त्याच प्रबंधात छापावे.