खिशातला राजीनामा

नाना तुमच्याही सोसायटीत आहेत. नाव वेगळं असेल, पण शर्टाच्या वरच्या खिशात चार घड्या घातलेला तो कागद असणारच. छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या सिडकोतल्या नानांचा कागद घड्यांवर फाटलाय, म्हणून मागून सेलोटेप लावलाय. 'प्रकृती ठीक नसल्यामुळे मी सचिवपदाचा राजीनामा देत आहे.' सही केलेली, तारखेची जागा कोरी.

वॉचमनच्या खोलीवर पत्रा टाकायचा की स्लॅब, यावरून मतभेद झाले की कागद निघतो. गणपतीत डीजे लावायचा की लेझीम, तेव्हाही निघतो. पंख्यानं उडू नये म्हणून नाना मनगटावरचं घड्याळ काढून त्यावर ठेवतात. "मी राजीनामा द्यायलोय. तुमचं तुम्ही बघा." मग सभा कळवळते. पहिल्या 'नको हो नाना'ला ते छताकडे बघतात, दुसऱ्याला चष्मा पुसतात, तिसऱ्याला "एवढा आग्रहच आहे तर" म्हणत कागद खिशात. या गडबडीत पत्रा मंजूर झालेला असतो. खोलीवर स्लॅब हवा असलेली माणसंच 'नको, नको' करत होती, हे त्यांना घरी गेल्यावर आठवतं.

२ मे २०२३ रोजी मुंबईच्या चव्हाण सेंटरमध्ये शरद पवारांनी पक्षाचं अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं, कार्यकर्ते ओक्साबोक्शी रडले आणि ५ तारखेला निर्णय मागे घेतला गेला. ते तीन दिवस नाना टीव्हीपुढून हलले नाहीत. "तीन दिवस ताणलं! मला तीन मिनिटं जमत नाहीत," एवढंच म्हणाले. उलट १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून खरोखरच बाहेर पडलेल्या चिंतामणराव देशमुखांबद्दल त्यांना आदर आहे, पण शिष्य व्हावं इतका नाही.

अध्यक्षपद मात्र नानांना नको असतं. याच गावात मलिक अंबरानं निजामशाही चालवली, शहाला तख्तावर बसवलं, स्वतः कधी बसला नाही. वर खडकीला, म्हणजे आमच्याच गावाला, नहरीनं पाणी आणलं. नानांनी त्याच्याकडून नेमकं पाणीच उचललं. जायकवाडी धरण काठोकाठ भरलं तरी आमच्या नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि ते किती वाजता सुटणार हे लाइनमन फक्त नानांना सांगतो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. नाना ती पाण्याच्या दिवशी, बरोबर पाण्याच्या वेळेला ठेवतात. गणपूर्ती नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते. तेवढ्यात नळ सुटतो, विरोधक मोटर लावायला घरी पळतात, कारण आपण नाही लावली तर शेजारचा सगळं ओढतो. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. नाना, खजिनदार आणि चहावाला मिळून हिशेब मंजूर करतात.

सत्ता कशाकशातून येते, याची पाच कलमं फ्रेंच आणि रेव्हन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५९ साली मांडली : बक्षीस, धाक, पद, जाणकारी आणि माणसाबद्दलची ओढ. लाइनमनचा नंबर कुठल्या कलमात बसवायचा, ते त्यांनी सिडकोत राहून ठरवायला हवं होतं.

गेल्या वर्षी वाळूजच्या कंपनीतला एक तरुण इंजिनिअर समितीत आला. कागद टेबलावर आला तसा त्यानं तो वाचला, कोऱ्या जागी स्वतःच्या पेनानं तारीख घातली आणि म्हणाला, "काका, तब्येतीला जपा. मंजूर." कुणी 'नको' म्हणायच्या आत झालं. नानांनी घड्याळ उचललं, हातात बांधलं आणि गेले.

पुढचं पाणी रात्री दोनला येऊन गेलं. त्याच्या पुढचं कधी आलं, कळलंच नाही. दारोदार टँकर उभे राहिले. शेवटी शिष्टमंडळ नानांकडे गेलं, इंजिनिअर सगळ्यांत पुढे. नाना एकटेच ओट्यावर बसले होते, मोबाइल मांडीवर. मुलगा पुण्याला, काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. "आठवडा झाला, एक फोन नाही आला," असं म्हणाले. तक्रार नव्हती त्यात, माहिती दिल्यासारखं बोलले. आता सांगायलाच हवं : कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या गल्लीतल्या ज्याला ज्याला घाटी रुग्णालयात बेड मिळाला, त्याच्यासाठी हा माणूस रात्र रात्र फोन लावत बसला होता. तेव्हा कागद एकदाही खिशाबाहेर आला नाही.

नाना पुन्हा सचिव झालेत. राजीनामा नवा टाइप करून घेतलाय, या वेळी लॅमिनेट केलाय, म्हणजे तारीख घालायची सोयच नाही.

तुमच्या नानांचा राजीनामा मंजूर करायचा असेल तर खुशाल करा. आधी लाइनमनचा नंबर तेवढा लिहून घ्या.