कसारा लोकलमधील ई-वाचन : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील अशा वाचकांसाठी आहे, ज्यांच्या मोबाइलमध्ये तीनशे पुस्तके आहेत आणि त्यांतल्या एकाचेही दुसरे पान ज्यांनी पाहिलेले नाही. पूर्वज्ञानाची अट नाही. एक अंगठा शाबूत हवा. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी घेऊन वर्गात बसल्या आणि अंगठा सोडून सहीवर आल्या. आपण शिकलेली माणसे त्याच सुमारास सही सोडून अंगठ्यावर आलो. तेव्हा कोणी कोणाला हसायचे कारण नाही.

पायरी १ : ॲप निवडणे

प्ले स्टोअरमध्ये जाऊन तारे मोजू नका. तारे देणाऱ्यांनी पुस्तक वाचलेले असतेच असे नाही. ॲप निवडताना आधी पुस्तक कुठून येणार ते पाहावे. विकत घेतलेले पुस्तक सहसा ज्याच्याकडून घेतले त्याच्याच ॲपमध्ये उघडते : बुकगंगाचे बुकगंगात, किंडलचे किंडलमध्ये. त्याबद्दल कुरकुर करून उपयोग नाही. इकडून तिकडून जमवलेल्या मोकळ्या फायलींसाठी रीडएरा बरे. ते खाते मागत नाही, जाहिराती दाखवत नाही आणि पीडीएफ, ईपब दोन्ही उघडते. मून प्लस रीडरमध्ये इतक्या सोयी आहेत की त्या सगळ्या लावून होईपर्यंत रजा संपते. ज्यांना वाचण्यापेक्षा वाचनाची तयारी करणे अधिक आवडते, त्यांनी ते अवश्य घ्यावे.

पाच ॲप एकदम टाकू नयेत. पाच ॲपमध्ये पाच पुस्तके पाच-पाच टक्क्यांवर थांबतात आणि त्यांची बेरीज पंचवीस टक्के होते, असे मनाला वाटू लागते.

पायरी २ : पुस्तक मिळवणे

डिसेंबर २०१६ मध्ये दोन गोष्टी घडल्या. मुरबाड तालुक्यातले धसई हे राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले आणि त्याच महिन्यात किंडलने मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तके विकायला घेतली. म्हणजे पुस्तकही कागदाविना आणि पैसेही कागदाविना. तेव्हापासून या दोन तालुक्यांत पुस्तक न घेण्याला ‘सुटे नाहीत’ हे कारण चालत नाही. तरीही व्हॉट्सॲप गटावर कोणी नव्या कादंबरीचे नाव काढले की पहिला प्रश्न येतो, ‘पीडीएफ आहे का?’

फुकट वाचायचे असेल तर चोरी करायची गरज नाही. ठाण्याचे ई साहित्य प्रतिष्ठान मराठी ई-पुस्तके विनामूल्य देते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तके मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. ती आधी संपवा, मग लेखकाच्या पोटावर पाय द्यायचा विचार करा.

निवड करता आली तर ईपब घ्यावे. ईपबमधला मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप नव्याने जुळतो. पीडीएफचे पान मात्र छापील पानासारखे ताठ असते. अक्षर मोठे करायला गेलात की ओळीचे शेपूट पडद्याबाहेर जाते, आणि मग प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे फोन ढकलत वाचावे लागते. काही ॲपमध्ये पीडीएफमधला मजकूर सुटा करून दाखवायची सोय असते. युनिकोडमधल्या, म्हणजे आजच्या फोनला कळणाऱ्या अक्षरांतल्या, पुस्तकाला ती चालते. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेल्या पुस्तकावर ती वापरलीत तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी येते. ती वाचायचा प्रयत्न करू नये. स्कॅन केलेल्या पुस्तकासाठी फोन आडवा धरा, कडेचा कोरा भाग कापायची सोय वापरा आणि धीर धरा.

पायरी ३ : अक्षरे

पुष्कळ ॲपची मूळ मांडणी रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते. आपल्या अक्षराला डोक्यावर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार. ओळी जवळजवळ ठेवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत पाय घालतो. म्हणून ओळींमधले अंतर दीडपटीच्या आसपास ठेवावे. अक्षर इतके मोठे असावे की एका ओळीत पाच-सहा शब्द बसतील. याहून मोठे केलेत तर प्रत्येक वाक्याला पान उलटावे लागते. लहान ठेवलेत तर शेजारचा प्रवासीच तुमच्यापेक्षा नीट वाचतो. चाळिशी लागली असल्याचे कोणाला कळू नये म्हणून अक्षर बारीक ठेवणारे लोक आहेत. फोन हातभर लांब धरल्यामुळे ते सगळ्या डब्याला कळतेच.

दोन्ही कडा सरळ ठेवायचा पर्याय बंद करावा. मराठीतले लांब शब्द ओळीच्या शेवटी तोडायची सोय बहुतेक ॲपमध्ये नसते, त्यामुळे कडा जुळवण्यासाठी शब्दांमध्ये खड्डे पडतात. खड्ड्यांचा अनुभव घ्यायला आपल्याकडे रस्ते आहेत.

‘दुसऱ्या’ ऐवजी ‘दुसर्या’ दिसत असेल तर बहुधा टंकलेखन चुकले आहे. त्यासाठी ॲप बदलू नका, प्रकाशकाला कळवा.

पायरी ४ : रंग आणि उजेड

काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे रात्री, घरातली माणसे झोपल्यावर ठीक. दुपारी आसनगावच्या फलाटावर काळ्या पडद्यात फक्त स्वतःचा चेहरा वाचता येतो. दिवसा पांढरी किंवा पिवळसर पार्श्वभूमी ठेवा. चकचकीत पांढऱ्याने डोळे दुखत असतील तर पिवळसरच बरी. पान उलटताना कागद वळल्याचा देखावा करणारी सोय बंद करा. ती बॅटरी खाते आणि वाचनात काही भर पडत नाही.

पायरी ५ : हाताची व्यवस्था

कसाऱ्याहून निघालेली लोकल आसनगावला येईपर्यंत बसायची जागा उरलेली असेल अशी आशा बाळगणे हा वाङ्मयाचा वेगळा प्रकार आहे. एक हात कडीला राहणार, हे गृहीत धरून पुढील तीन गोष्टी घरूनच करून निघा.

पहिली, आवाजाच्या बटणाने पान उलटायची सोय चालू करा. पावसाळ्यात तर ती हवीच. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा, भातसा ही धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत, ती काय उगीच नाहीत. ओल्या बोटाला पडदा दाद देत नाही आणि पडद्यावर पडलेला थेंब मात्र परस्पर चार पाने उलटतो.

दुसरी, पडदा फिरणे बंद करा. नाहीतर वासिंदला मागून रेटा आला की पुस्तक आडवे होते.

तिसरी, पुस्तक आधीच उतरवून ठेवा आणि फोन विमान मोडवर टाका. खर्डीच्या डोंगरांत रेंज गेली म्हणून नायिका कड्यावरच उभी राहू नये, आणि रेंज आली म्हणून शुभ सकाळचा गुलाब तिच्या अंगावर पडू नये.

पायरी ६ : मुरबाडकरांसाठी पुरवणी

मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे पायरी ५ मधला त्रास नाही. कल्याणपर्यंत एसटी आहे, त्यामुळे वेगळा आहे. हलत्या गाडीत खाली मान घालून वाचले की अनेकांना मळमळते. त्यांनी कानाने वाचावे. स्टोरीटेल या ॲपवर मराठी पुस्तके माणसांच्या आवाजात मिळतात. फोनमधल्या यंत्राचा मराठी आवाजही युनिकोडमधले ईपब वाचून दाखवतो. खुनाचा प्रसंग आणि अनुक्रमणिका तो सारख्याच शांतपणे वाचतो. एसटी थांब्यावर उभी राहिली की डोळ्यांनी वाचा.

तक्रार निवारण

प्रश्न : सेटिंग सापडत नाही. कोणाला विचारू?
उत्तर : घरातल्या चौथीतल्या मुलाला. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी मुलांच्या हाती टॅब दिले आणि ती शाळा राज्यभर गाजली, त्याला बरीच वर्षे झाली. मात्र विचारताना फोन त्याच्या हातात देऊ नका. परत मिळेल तेव्हा त्यात गेम असेल.

प्रश्न : पानाच्या तळाशी ‘अजून ४ तास १२ मिनिटे’ असे येते. दडपण येते.
उत्तर : ती पट्टी लपवता येते. लपवा. ऑफिस गाठायला किती वेळ राहिला ते इंडिकेटर सांगतोच आहे.

प्रश्न : सगळी मांडणी मनासारखी झाली. आता रोज थोडी थोडी सुधारू का?
उत्तर : नको. फाँट बदलण्यात गेलेला वेळ वाचनाच्या खात्यात जमा होत नाही.

प्रश्न : एवढे करूनही पुस्तक कंटाळवाणे वाटले तर?
उत्तर : अक्षर वाढवून लेखक मोठा होत नाही. पन्नास पाने वाट पाहा आणि मग पुस्तक बदला. ॲप तेच ठेवा.