हंगाम संपला, भत्ता नाही

भारतात बेकारी भत्ता आहे. कर्मचारी राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून लागू आहे. नोकरी गेली तर सरासरी रोजाच्या निम्मे पैसे मिळतात, जास्तीत जास्त ९० दिवस. महिना १५ हजार पगार असेल तर रोजचे अडीचशे, म्हणजे एकूण साडेबावीस हजार. तेही आयुष्यात एकदाच. एवढ्या पैशांवर तीन महिन्यांचा किराणा आणि घरभाडे निघते, सावकाराचे दार टळते. म्हणूनच हा भत्ता नांदेड-लातूरच्या कामगाराला मिळालाच पाहिजे.

तो का मिळत नाही, हे कायद्यातच लिहिले आहे. १९४८ चा ईएसआय कायदा हंगामी कारखान्यांना लागू नव्हता. हंगामी म्हणजे कोणते, याची यादी कायदा देतो. कापसाचे जिनिंग त्यात आहे. प्रेसिंग आहे. साखर आहे, गूळही आहे. त्याच्या जागी आलेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखान्यांना बाहेरच ठेवले.

आता आपला भाग बघा. भोकर, किनवट, धर्माबादकडे कापूस आणि जिनिंग. लातूरकडे ऊस आणि साखर कारखाने. शेतीबाहेरचा बराचसा रोजगार इथे ज्या धंद्यांवर उभा आहे, त्यांचीच नावे वगळलेल्यांच्या यादीत आहेत. शहरातल्या नोकरदाराची नोकरी कदाचित जाईल, कदाचित टिकेल. जिनिंगवरच्या माणसाचे काम उन्हाळ्यात थांबणार, हे दिवाळीतच ठरलेले असते. ज्याची बेकारी दरवर्षी ठरलेल्या वेळी येते, त्यालाच बेकारीच्या विम्यातून वगळणे हा अन्याय आहे. साखर कारखान्यातल्या हंगामी कायम कामगाराला निदान करारातला रिटेन्शन भत्ता, म्हणजे हंगाम बंद असतानाचा भत्ता, असतो. ठेकेदाराकडच्या माणसाला तोही नाही.

मग उरतात डाळमिल, तेलगिरण्या, एमआयडीसीतले छोटे कारखाने, दुकाने, खासगी क्लास. तिथे दहा कामगारांची अट आहे. हजेरीपटावर नऊच नावे ठेवली की कायदा गेटवरच थांबतो. नाव लागलेच, तर सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी दिसली पाहिजे. कामगार रोज राबला, पण ठेकेदाराने महिन्याला दहाच दिवस दाखवले, तर सहा महिन्यांत साठच दिवस भरतात. भत्ता बुडतो. चूक ठेकेदाराची, शिक्षा कामगाराला.

शेवटचा डाव राजीनाम्याचा. “उद्यापासून येऊ नको” असे तोंडी सांगायचे आणि राहिलेला पगार देताना राजीनाम्यावर सही घ्यायची. मर्जीने काम सोडणाऱ्याला भत्ता नाही, असा नियम आहे. त्या एका सहीने कामावरून काढलेला माणूस कागदावर स्वतःहून गेलेला ठरतो. कपातीची भरपाई, म्हणजे दर वर्षाच्या नोकरीमागे १५ दिवसांचा पगार, तीही त्याच सहीत जाते. कारखाना बंद पडल्यावर दोन वर्षांपर्यंत भत्ता देणारी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना २००५ पासून आहे. राजीनामा दिलेल्याला तिचेही दार बंद. हातात राहतो पीएफ, आणि तो तर कामगाराचाच साठवलेला पैसा. त्याला मदत म्हणू नका.

निजामाच्या काळातली उस्मानशाही मिल बंद पडली, तेव्हा नांदेडने गिरणी कामगारांची घरे मोडताना पाहिली. त्यानंतरही या भागातल्या खासदार-आमदारांनी हंगामी कामगाराच्या बेकारीचा प्रश्न कधी नेटाने धरला नाही. निवडणुकीत नवे कारखाने आणण्याची भाषणे होतात. आहे त्या कारखान्यातला माणूस चार-सहा महिने काय खातो, यावर एक शब्द नाही.

मागणी सरळ आहे. हंगामी कारखान्यांची ही सूट रद्द करा. ७८ दिवस मोजताना ठेकेदाराच्या कागदासोबत बँकेत जमा झालेला पगारही बघा. आणि कामगार भावांनो, बहिणींनो, राजीनाम्यावर सही करू नका. काढायचे असेल तर लेखी काढा म्हणा. आपली वर्गणी किती दिवसांची भरली, हे ईएसआयच्या शाखेत जाऊन आजच विचारा. नोकरी गेल्यावर विचारून उपयोग नाही.