मोक्षाला पार्किंग नाही

काशीच्या मणिकर्णिका घाटावर मोक्ष मिळतो अशी श्रद्धा आहे. पार्किंग मात्र मिळत नाही. आसपासच्या जिल्ह्यांतून जीपच्या टपावर तिरडी बांधून माणसं येतात. जीप मोठ्या रस्त्यापर्यंतच. तिथं दोर सुटतात, तिरडी खाली उतरते आणि पुढची वाट गल्लीतून, खांद्यावरून. ‘राम नाम सत्य है’ कानावर आलं की साडीवाले, लस्सी पिणारे, फोटो काढणारे सगळे भिंतीला चिकटतात. एरवी हॉर्नवरचा अंगठा न काढणारा मोटारसायकलवालाही इंजिन बंद करतो. हलत नाही तो फक्त सांड. त्याला वळसा घालून मंडळी पुढं जातात.

आमचे बापूकाका पुण्याहून नागपूर, जबलपूर करत स्वतःची गाडी हाकत काशीला आले, आणि घाट हाकेच्या अंतरावर असताना बॅरिकेडपाशी अडले. “बाबूजी, गाडी यहीं तक.” काकांचा चेहरा पडला. सोबत म्युनिकचा भाचा होता. तिशी उलटली तरी त्याच्याकडे गाडी नाही, हे काकांचं जुनं दुखणं. जर्मनीत राहून गाडी नसणं म्हणजे पंढरपुरात राहून विठ्ठलाचं दर्शन न घेणं, असं ते म्हणतात.

“काका, मासिक तिकिटावर देशभरच्या लोकल गाड्या, बस, ट्राम सगळं चालतं. गाडी घेऊन ठेवू कुठं?” भाचा म्हणतो. ते तिकीट 2023च्या मे महिन्यात 49 युरोंना सुरू झालं. पुढं महागलं, तरी गाडी पोसण्यापेक्षा स्वस्तच.

भाच्यासारखी मुलं पुष्कळ आहेत. ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला 17 ते 20 वयाच्या मुलांपैकी 48 टक्क्यांकडे लायसन्स होतं. 2014मध्ये ते 29 टक्क्यांवर आलं. अमेरिकेत 1983मध्ये सोळा वर्षांची जवळपास निम्मी मुलं लायसन्सधारी होती. 2014मध्ये चारातलं एक. यात वैराग्य कमी आणि हिशेब जास्त. विमा महाग, शिक्षण लांबलेलं, पगार उशिरा सुरू, गप्पा फोनवर. शिवाय शहरांनीही गाडीचे लाड कमी केले. लंडनने 2003मध्ये मध्यवस्तीत शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क बसवलं. स्पेनमधल्या पोंतेवेद्राने तर 1999पासून शहराच्या गाभ्यातून गाड्या जवळजवळ हद्दपारच केल्या.

काशीला असे ठराव करावे लागले नाहीत. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी मणिकर्णिका घाट बांधून काढला, शेजारचा शिंदे घाट 1830मध्ये बायजाबाईंनी बांधला. दोघींच्या डोक्यात गाडी असणं शक्यच नव्हतं. पण गाडीला कायमची अडवणारी वस्तू त्या बांधून गेल्या: पायरी. चितेची लाकडंसुद्धा इथं नावेतून येतात. मजूर ओले ओंडके खांद्यावर घेऊन वर चढतात, वखारवाला ते वजन करून देतो. 2021मध्ये विश्वनाथ कॉरिडॉर झाला, मंदिरापासून गंगेपर्यंत ऐसपैस वाट झाली, पण तीही पायीच चालायची.

मला वाटतं, माणूस आपणहून गाडी सोडत नाही. जागा त्याला सोडायला लावते. आणि जागेनं नुसतं अडवून भागत नाही, पुढं न्यायची सोयही लागते. म्युनिकमध्ये ट्राम येते, काशीत घाट पायाखालीच असतो. काका पुण्यात बसथांब्यावर ताटकळून शेवटी गाडीची किल्ली हातात घेतात, त्यांना किती बोल लावायचा? तिथल्या लक्ष्मी रस्त्याचा एक भाग 2021पासून 11 डिसेंबरला पादचारी दिनासाठी गाड्यांविना ठेवतात. उरलेलं वर्ष गाड्यांचंच.

परतताना काका खुशीत होते. वाटेत कचोरी झाली, गुडघे कुरकुरले नाहीत. “चालायला मजा आली रे,” ते भाच्याला म्हणाले, “पण आपल्या पुण्यात हे जमायचं नाही. तिथं पायऱ्या कुठायत?”

महापालिकेनं सूचना मागवल्या तर मी कळवणार आहे: लक्ष्मी रस्त्याला सात-आठ पायऱ्या बांधाव्यात. खर्च फार येणार नाही.